निष्क्रियतेची उसनी परिभाषा

मराठी समीक्षेत गेल्या काही दशकांत जी विशेषणे फारशी तपासणी न होता चलनात आली, त्यांत 'निष्क्रिय' या विशेषणाचे स्थान वरचे आहे. कादंबरीचा नायक निष्क्रिय, ग्रामीण कथेतला शेतकरी निष्क्रिय, कोकणच्या प्रादेशिक साहित्यातले कूळ तर जन्मतःच निष्क्रिय, अशी वाक्ये प्रबंधांपासून पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांपर्यंत सर्वत्र आढळतात. हे विशेषण वर्णनाचा आव आणते आणि प्रत्यक्षात निवाडा देते. ज्याच्याकडून कृती अपेक्षित होती आणि ज्याने ती केली नाही, तो निष्क्रिय. परंतु अपेक्षा कोणाची, कृती कोणती, आणि 'न करणे' ही कृती ठरत नाही हे कोणी ठरवले, हे प्रश्न विचारण्याची तसदी घेतली जात नाही. ती घेतली तर असे दिसेल की संस्कृत वेष धारण केलेल्या या शब्दाच्या आत एक इंग्रजी शब्द बसलेला आहे. तो शब्द म्हणजे 'आयडल'. त्याची कुळकथा पाहिल्याशिवाय मराठी समीक्षेतील या निवाड्याचे मोल करता येणार नाही.

१

'आयडल' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील मूळ अर्थ 'आळशी' असा नाही. तो आहे 'रिकामा', 'पोकळ', 'शून्य'. उत्पत्तीच्या बायबलकथेतील सृष्टीपूर्व पृथ्वीचे वर्णन जुन्या इंग्रजीत उतरवताना हेच विशेषण वापरले गेले. तेथे पृथ्वी काम चुकवत होती असे कोणाला सुचवायचे नव्हते. तिच्यात अद्याप काही नव्हते, इतकेच. जर्मन भाषेतील 'आयटेल' आणि डच भाषेतील 'आयडेल' हे त्याचे सगोत्र शब्द आज 'व्यर्थ' किंवा 'पोकळ डौल मिरवणारा' या अर्थाकडे गेलेले आहेत. इंग्रजीने मात्र दुसरी वाट धरली. रिकामे भांडे, रिकामी जागा, रिकामे हात आणि मग रिकामा माणूस, अशा क्रमाने शब्द वस्तूवरून माणसावर आला. 'काम नसलेला' हा अर्थ 'काम टाळणारा' या अर्थात केव्हा मिसळला, हे बोलणाऱ्यांनाही कळले नसावे. विशेष म्हणजे रिकामेपणाचा इंग्रजीतील नेहमीचा शब्द 'एम्प्टी' हा 'फुरसत' या अर्थाच्या जुन्या शब्दापासून निघालेला आहे. म्हणजे एक शब्द रिकामेपणाकडून फुरसतीकडे गेला आणि दुसरा फुरसतीकडून रिकामेपणाकडे.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. संस्कृत 'रिक्त' या शब्दाच्या घराण्यातील आपला 'रिकामा' हा शब्द घागरीलाही लागतो आणि माणसालाही लागतो. 'रिकामी घागर' या शब्दांत दोष नाही, 'रिकामा वेळ' या शब्दांत थोडी सवड आहे आणि 'रिकामटेकडा' म्हटले की शिवी पूर्ण होते. वस्तुस्थिती, संधी आणि दोष ही तीन स्थळे एकाच शब्दाने गाठावीत, यात भाषेचा गुन्हा नाही. गुन्हा घडतो तो शब्द कायद्याच्या हाती जातो तेव्हा.

इंग्लंडमध्ये तो तसा गेला. प्लेगच्या साथीने मजूर कमी झाले आणि मजुरी वाढू लागली, तेव्हा १३४९च्या फर्मानाने आणि १३५१च्या कायद्याने कष्टकऱ्याला जुन्याच दराने काम करण्यास बांधले. १५४७च्या कायद्याने काम नाकारणाऱ्या भटक्याला डाग देऊन दोन वर्षे गुलाम करण्याची तरतूद केली. ती इतकी अघोरी होती की थोड्याच वर्षांत तो कायदा मागे घ्यावा लागला. १८२४च्या भटक्यांविषयीच्या कायद्यात 'आयडल आणि बेशिस्त माणसे' असा गुन्हेगारांचा एक स्वतंत्र वर्गच करण्यात आला. परंतु याच काळात, म्हणजे १७५८ ते १७६० या वर्षांत, सॅम्युअल जॉन्सन 'द आयडलर' या नावाने निबंधमाला लिहीत होते आणि सुसंस्कृत वाचक ती आवडीने वाचत होते. एकच शब्द गृहस्थाच्या निबंधमालेला शीर्षक म्हणून शोभतो आणि भूमिहीनाला तुरुंगात घालतो. तेव्हा 'आयडल' हा शब्द स्वभावाचा वाचक नसून स्थानाचा वाचक आहे, हे उघड आहे. ज्याच्या श्रमावर दुसऱ्याचा हक्क मानला गेला आहे, त्याचेच थांबणे दोष ठरते.

२

हाच निवाडा माणसावरून जमिनीवर गेला. जॉन लॉक यांनी १६८९च्या आपल्या ग्रंथात श्रमाने मालकी निर्माण होते असे प्रतिपादन केले आणि नांगर न लागलेल्या भूमीला वाया गेलेली भूमी मानले. वसाहतींच्या महसुली व्यवहारात या कल्पनेचा किती उपयोग झाला, हे सांगण्याची गरज नाही. माणूस आळशी आणि जमीन ओसाड, ही जोडी ठरली की तिसरा कोणी उद्योगी येऊन दोघांचा ताबा घेण्यास मोकळा होतो. सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ साली मलाया, फिलिपाईन्स आणि जावा येथील 'आळशी देशी माणूस' ही प्रतिमा वसाहतींच्या भांडवलाने कशी घडवली, हे सविस्तर दाखवले. मराठी समीक्षेने वसाहतोत्तर सिद्धांतनाची पुष्कळ नावे उद्धृत केली, परंतु या ग्रंथाचा प्रश्न स्वतःच्या परिभाषेला क्वचितच लावला.

तो लावण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९८१पूर्वी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची शेती पाहावी. अलिबाग, पेण, उरण या भागांतील खारेपाट ही समुद्राकडून मिळवलेली भूमी आहे. भरतीचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतील खार धुऊन काढायचा आणि मग भात लावायचे, असा हा व्यवहार. बांध वर्षानुवर्षे राखावा लागतो. तो फुटला की खारे पाणी आत येते, पीक जाते आणि जमीन पुन्हा गोडी होण्यास पुढचे पावसाळे लागतात. अशा जमिनीवर 'काहीच न करणे' ही तटस्थ अवस्था असूच शकत नाही. तेथे थांबण्याचीही किंमत असते आणि ती थांबणाऱ्याला आधी मोजावी लागते.

डोंगराकडची वरकस जमीन ही अशीच. महसुलाच्या दृष्टीने ती हलकी, जवळजवळ रिकामी. परंतु भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर पालापाचोळा आणि गवत तिच्याकडूनच येते. खाजण वहीतदाराच्या दृष्टीने निरुपयोगी, परंतु तेथेच मासळी वाढते. आणि 'पडीक' हा शब्द तर पाहण्यासारखा आहे. शेतकरी जमीन 'पड ठेवतो'. हे क्रियापद सकर्मक आहे. पड ठेवण्याला कर्ता आहे, त्याचा हेतू आहे, त्याचा काळ ठरलेला आहे. कागदावर मात्र तीच जमीन नुसती 'पडीक' होते. कर्ता गळून पडतो आणि उरते ते विशेषण. समीक्षेतील 'निष्क्रिय' या शब्दाची घडण नेमकी हीच आहे. कोणीतरी काही करण्याचे नाकारले होते. त्या नाकारण्यातील कर्ता काढून घेतला की निष्क्रियता शिल्लक राहते.

३

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी या गावी शेतकऱ्यांची सभा झाली आणि जमिनी न कसण्याचा निर्णय झाला. पंचवीस गावांतील कुळे या संपात उतरली. १९२७ साली स्थापन झालेला कोकण प्रांतिक शेतकरी संघ आणि नारायण नागू पाटील यांचे नेतृत्व त्यामागे होते. खोत आणि सावकार यांना द्यावा लागणारा पिकाचा हिस्सा, त्यांच्या सोयीने लिहून घेतलेल्या कबुलायती, आणि कितीही पिढ्या कसली तरी जमिनीवर न लागणारे कुळाचे नाव, ही त्यामागची कारणे होत. संप १९३९पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. या काळात माणसे जगली ती लाकूडफाटा विकून, खाडीतील मासळीवर आणि मिळेल त्या मजुरीवर. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. 'कृषीवल' हे वृत्तपत्र १९३७ साली याच चळवळीतून निघाले. १९३९चा कूळकायदा, १९४८चा अधिक व्यापक कूळकायदा आणि १९४९चा खोती निर्मूलनाचा कायदा ही पुढची पावले आहेत.

या सहा वर्षांना कोणते क्रियापद लावायचे? नांगर चालला नाही, लावणी झाली नाही, झोडणी झाली नाही. समीक्षेची रूढ परिभाषा प्रामाणिकपणे लावली तर हा निष्क्रियतेचा कालखंड म्हणावा लागेल. येथे भाषेकडे पाहावे. काम थांबवण्याला इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणतात. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाश्यांनी वेतनासाठी जहाजांची शिडे उतरवली. शीड उतरवणे याला त्यांच्या बोलीत 'स्ट्राइक' म्हणत आणि तेच नाव पुढे काम बंद करण्याला मिळाले. रेवस-मांडव्याच्या किनाऱ्यावर ज्याने गलबत पाहिले आहे, त्याला शीड उतरवणे ही विश्रांती नसून अनेक हातांचे काम आहे, हे सांगावे लागणार नाही. हिंदी-गुजरातीतील 'हडताल' या शब्दात बाजार आणि कुलूप यांची जोडी आहे. दुकानाला कुलूप कोणीतरी लावावे लागते, ते आपोआप लागत नाही. मराठीत या शब्दाचे रूप 'हरताळ' असे झाले आणि पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर फासण्याच्या पिवळ्या खनिजाच्या नावाशी ते जुळले. हा केवळ ध्वनीचा योगायोग आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि मराठीने यासाठी स्थिर केलेला शब्द 'संप' हा तर सर्वांत बोलका आहे. गुजरातीत 'संप' म्हणजे आजही ऐक्य, सलोखा. मराठी संपातही थांबण्याचा अर्थ नंतरचा आहे, एकत्र होण्याचा आधीचा. म्हणूनच संप 'फुटतो' आणि 'फोडला' जातो. जे जोडलेले असते तेच फुटते. आळस फुटत नाही, रिकामपण फुटत नाही. तीन भाषांनी तीन ठिकाणांहून या घटनेकडे पाहिले. एकीने उतरवलेले शीड पाहिले, दुसरीने लावलेले कुलूप पाहिले आणि मराठीने एकत्र आलेली माणसे पाहिली. तिघींपैकी एकीलाही तेथे निष्क्रियता दिसली नाही. ती दिसली फक्त शिकलेल्या समीक्षेला.

४

या प्रतिपादनावर दोन दिशांनी आक्षेप येणे संभवते. पहिला आक्षेप असा की चरीचा संप हा इतिहास आहे, साहित्यकृती नव्हे. समीक्षेतील 'निष्क्रिय' ही कथनविषयक संज्ञा आहे, नैतिक निवाडा नाही. हे खरे असते तर बरे झाले असते. परंतु कथनमीमांसेची घडणच मुळात पात्राच्या कृतीवर झालेली आहे. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली लोककथेचे एकक ठरवले ते पात्राची कृती हेच. पुढच्या संरचनावादी मांडणीत सूक्ष्मता पुष्कळ आली, परंतु घटना म्हणजे काहीतरी घडणे हे गृहीतक सहसा हलले नाही. जेराल्ड प्रिन्स यांना १९८८ साली 'जे घडले नाही, पण कथन ज्याचा उल्लेख करते' अशा अंशासाठी वेगळी संज्ञा घडवावी लागली, यातच त्या मांडणीतील उणीव दिसते. या परिभाषेतून सहा वर्षे न पिकलेले शेत वाचता येत नाही. तेथे 'काहीच घडत नाही' असा शेरा पडतो.

परिणाम असा होतो की न करण्याला प्रतिष्ठा द्यायची झाल्यास मराठी समीक्षेला परदेशी कागदपत्रे लागतात. मेलव्हिलचा १८५३चा बार्टलबी हा कचेरीतील लेखनिक नकार देतो, तेव्हा तो नकार अस्तित्वाचा प्रश्न होतो. गोंचारोव्हचा १८५९चा ओब्लोमोव्ह अंथरुणातून उठत नाही, तेव्हा तो एका युगाचे लक्षण होतो. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकराचे काही न करणेही १९६३नंतर याच मापाने मोठे ठरवण्याची प्रवृत्ती दिसते. या कृतींचे मोठेपण वादातीत आहे. वाद आहे तो मापाचा. लेखनिक, जमीनदार आणि महाविद्यालयीन तरुण यांचे थांबणे तत्त्वचिंतन ठरते आणि कुळाचे थांबणे मागासलेपण ठरते. जॉन्सन यांचा 'आयडलर' आणि १८२४च्या कायद्यातील 'आयडल', ही जुनीच विभागणी मराठी समीक्षेत शुद्ध संस्कृत शब्दांत पुन्हा अवतरली आहे. खोती जीवनाचे मराठीतील सर्वांत विस्तृत कादंबरीचित्र 'तुंबाडचे खोत' हे १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि खोतांच्या पिढ्यांची चढउतार वाचण्यासाठी समीक्षेने आनंदाने शब्द वेचले. ते योग्यच झाले. परंतु ज्या कुळांच्या थांबण्याने त्या घराण्यांच्या सत्तेचा पाया हलला, त्यांना वाचण्यासाठी संज्ञा घडवण्याचे काम मागेच राहिले.

दुसरा आक्षेप देशीवादाच्या बाजूचा. इंग्रजी शब्दानेच घात केला असेल, तर तो टाकून आपल्या परंपरेतील संकल्पना घ्यावी, असे सुचवले जाईल. 'अकर्म' ही संकल्पना हाताशी आहेच. आणि तिचे आधुनिक मराठीतील सर्वपरिचित विवेचन करणारे विनोबा भावे हे याच जिल्ह्यातील, पेण तालुक्यातील गागोदे गावचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत त्यांनी अकर्म म्हणजे कर्माचा अभाव नव्हे, तर मनाच्या सहभागाने कर्माचा भार नाहीसा होणे, हे सूर्याच्या दाखल्याने उलगडले. विवेचन सुंदर आहे यात शंका नाही. परंतु चरीच्या कुळाला अकर्मी म्हणणे ही त्याला निष्क्रिय म्हणण्याचीच उलटी बाजू होईल. त्याला फलाची आसक्ती होती आणि ती असणे हाच त्याच्या संपाचा अर्थ होता. त्याला पिकात हिस्सा हवा होता, सातबाऱ्यावर नाव हवे होते. अनासक्तीच्या परिभाषेत हे मावत नाही. देशी संकल्पना देशी आहे म्हणून आपोआप न्याय्य होत नाही. मराठीने 'ऐदी' हा शब्द कोठून घेतला, हेही आठवावे. मोगल बादशहाच्या थेट चाकरीतील अहदी सैनिकांना एरवी काम थोडे आणि मान मोठा, म्हणून लोकांनी त्यांच्या नावालाच आळसाचा अर्थ दिला. येथे निवाडा खालून वर गेला आहे. शब्द परका आहे, दृष्टी मात्र रयतेची आहे. उलट 'निष्क्रिय' हा शब्द आपला आहे आणि त्यातील दृष्टी महसूल गोळा करणाऱ्याची आहे. शब्दाचे गोत्र पाहून त्याची बाजू कळत नाही. तो कोण कोणाविषयी वापरतो, हेच पाहावे लागते.

युरोपातही हा वाद एकपदरी नव्हता, याचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल. पॉल लाफार्ग यांनी १८८० साली आळसाचा हक्क मागितला तो मजुरांसाठी, आणि बर्ट्रंड रसेल यांनी १९३२ साली आळसाची स्तुती केली ती कामाचे तास कमी व्हावेत म्हणून. 'आयडल' या शब्दाचा त्याच्या घरच्यांनीच केलेला हा प्रतिवाद होता. मराठी समीक्षेने शब्द उसना घेतला, त्याच्यावरचा दंड उसना घेतला, आणि प्रतिवाद मात्र तेथेच सोडून दिला.

५

हा वाद केवळ परिभाषेचा असता तर तो परिभाषाकोशावर सोपवता आला असता. परंतु रिकामेपणाचा निवाडा आजही जमिनीवर दिला जातो. उरण-पनवेल भागातील भूसंपादनाच्या विरोधात जानेवारी १९८४मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांना गोळीबारात प्राण गमवावे लागले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत, नियोजित विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर मतदान घेतले गेले. एकपिकी भातजमीन वर्षातील कित्येक महिने रिकामी दिसते. ती कोणाला रिकामी दिसते आणि कोणाला पड ठेवलेली दिसते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. समीक्षकाने भूसंपादनाच्या प्रश्नावर मत द्यावे, अशी अपेक्षा नाही. परंतु कर्ता पुसून टाकणारे विशेषण वर्गात आणि ग्रंथात शिकवत राहणे, हेही एक मतच आहे, आणि ते न विचारता दिले जात आहे.

म्हणून येथे मागणी शब्द हद्दपार करण्याची नाही. मागणी वाचनाच्या शिस्तीची आहे. 'निष्क्रिय' हे विशेषण ज्या पात्राला लावायचे, त्याच्याबाबत तीन गोष्टी समीक्षकाने सांगाव्यात. त्या पात्राकडून कोणती कृती अपेक्षित होती, ती अपेक्षा कोणाची होती, आणि ती कृती झाली असती तर तिचे फळ कोणाच्या कोठारात गेले असते. या तिन्हींची उत्तरे मिळाली की पुष्कळदा असे आढळेल की विशेषणाच्या जागी क्रियापद हवे होते. ते क्रियापद चरीच्या सभेत १९३३ सालीच सापडले होते. ते निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी सहा वर्षे सकर्मक चालवले. समीक्षेने ते अद्याप वाचलेले नाही. आणि हे न वाचणे मात्र खऱ्या अर्थाने निष्क्रियता आहे, कारण त्यात कोणाशीही झालेले ऐक्य नाही, कोणी लावलेले कुलूप नाही आणि कोणी उतरवलेले शीडही नाही.